तिरका सात

मिलार्ड गावच्या जुन्या गाड्यांच्या क्लबात अठ्ठावीस सभासद होते. त्यातल्या सत्तावीस जणांनी आपापली गाडी नुसती विकत घेतली होती. अठ्ठाविसावा एल्डन प्रूइट. त्याने आपली गाडी विकतही घेतली होती आणि तिच्या इंजिनावर स्वतःचा हातही चालवला होता. नेमकं हेच बाकीच्यांना पचत नव्हतं.

क्लबात एक दातांचा डॉक्टर, दोन वकील, घरं विकणारे चारपाच आणि अंत्यविधीचं दुकान चालवणारा एक, असली मंडळी. कोणत्या साली कोणत्या रंगाच्या किती गाड्या निघाल्या हे त्यांना तोंडपाठ. कुठला बोल्ट काळा असायला हवा आणि कुठला राखाडी यावर दोन दोन तास वाद घालतील. पण त्यांच्यापैकी एकाच्याही नखात कधी ग्रीस गेलं नव्हतं. एल्डन त्यांच्यात जाऊन बसायचा तो एका कारणासाठी. त्याला आपल्या गाडीचा कागद हवा होता.

कागद म्हणजे काय, तर सगळ्या देशातल्या ग्रेंजर सेबर गाड्यांची एक नोंदवही होती. तिचा तपासनीस फिंच दर जूनमध्ये मिलार्डच्या मेळाव्याला यायचा. गाडीच्या अंगावरचा नंबर आणि इंजिनावरचा नंबर जुळतो, इंजिन कारखान्यातून निघालं तेच आहे, अशी त्याची खात्री पटली की तो वहीत 'मूळ' असं लिहायचा. नोंदलेल्या गाडीचीही काही वर्षांनी पुन्हा तपासणी व्हायची. एल्डनची सेबर सत्तर सालची. मोठं इंजिन, चार गिअर, उघडा टप. तशा फक्त एकोणीस निघाल्या होत्या. रंग असा हिरवा, की कंपनीने त्याला काहीतरी गोड नाव दिलं होतं आणि लाईनीवरचे कामगार त्याला 'आजारी बेडूक' म्हणायचे.

एल्डन मूळचा केंटकीचा. खाणीत मरायचं नाही म्हणून एकोणिसाव्या वर्षी मिशिगनमध्ये आला आणि ग्रेंजरच्या इंजिन शॉपमध्ये लागला. बारा वर्षं त्याचं एकच काम होतं. इंजिनाचा ब्लॉक, म्हणजे त्याचं ओतीव धड, समोर आला की पोलादी पंचांनी, आकड्यांच्या ठशांनी, एकेक आकडा हाताने ठोकायचा. डाव्या हातात पंच, उजव्या हातात हातोडी, नजर पुढच्या ब्लॉकवर. त्याचे आकडे शिपायांसारखे सरळ रांगेत उभे असायचे. फोरमन ग्रेडी कोणाचं कौतुक करणाऱ्यातला नव्हता, पण नवा माणूस आला की त्याला एल्डनच्या बाकापाशी आणून उभा करायचा.

आणि त्याच एल्डनने सत्तर सालच्या मार्चमध्ये एक आकडा वाया घालवला. त्याने स्वतःसाठी सेबर नोंदवली होती, आणि त्या दिवशी चिठ्ठीवर आपलंच नाव असलेला ब्लॉक त्याच्या समोर आला. लग्नाच्या दिवशी थरथरला नव्हता तेवढा त्याचा हात त्या वेळी थरथरला. चार ठीक बसला, एक ठीक बसला, सात मागे कलला. घाबरून त्याने त्याच्यावर आणखी एक ठोका घातला, तर साताचं खालचं टोक फाटलं. लाईन थांबत नसते. ग्रेडी ओरडला, ब्लॉक पुढे गेला आणि जन्मभराची ती खोट इंजिनाला बसली ती बसलीच.

एल्डनने ती गाडी अठरा वर्षं चालवली. कारखाना बंद पडला तेव्हा प्रत्येकाने जाताना काहीबाही उचललं. कोणी पाने नेले, कोणी भिंतीवरचं घड्याळ. एल्डनने डब्यातून पंचांचा संच आणला. पुढे त्याने शाळेत झाडलोट केली, गोदामात पहारा केला, आणि निवृत्त झाल्यावर अकरा वर्षं खपून सेबर पुन्हा नवी केली. प्रत्येक स्क्रू स्वतःच्या हाताने काढला आणि बसवला. फक्त त्या साताकडे तो बघायचं टाळायचा.

बघितलं ते डॉक्टर व्हिटलॉकने. दातांचा डॉक्टर, क्लबचा अध्यक्ष, आणि त्याच्याकडेही एक सेबर होती. वहीत नोंदलेली, 'मूळ' म्हणून. मागच्या उन्हाळ्यात एल्डनने पहिल्यांदा क्लबासमोर बॉनेट उघडलं, तेव्हा तो हातातली बॅटरी पेटवून आत वाकला. बराच वेळ वाकून राहिला. मग कंबर सरळ करत म्हणाला, "एल्डन, राग मानू नका, पण हा सात आहे की जिना उतरताना पाय घसरलेला माणूस?"

सगळे हसले. कागदी पेल्यातली कॉफी सांडेपर्यंत हसले.

"तो मी मारलाय," एल्डन म्हणाला. "सत्तर साली. त्याच कारखान्यात."

"तुम्ही? अरे वा! म्हणजे कारखाना का बुडाला ते आज कळलं आम्हाला."

आता मात्र काहींनी हसताना मान दुसरीकडे फिरवली, कारण त्या कारखान्याबरोबर अर्धं गाव बुडालं होतं. पण हसले सगळेच. व्हिटलॉक त्याच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाला, "गंमत केली हो. पण खरं सांगतो, फिंच असला नंबर मान्य करायचा नाही. इंजिन बदललेलं आहे असंच म्हणेल तो. कारखान्यात असं गचाळ काम चालवून घेतील का?"

*गचाळ.* हा शब्द एल्डन घरी घेऊन आला आणि अख्खा हिवाळा त्याने तो उराशी धरला.

त्याची बायको वॉनिटा हिला तोंड होतं आणि ती ते वापरायची. "चव्वेचाळीस वर्षं तो सात तिरका आहे," ती म्हणाली. "गाडी कधी तिरकी चालली का? दोन्ही पोरांना मी त्याच गाडीतून दवाखान्यातून घरी आणलं. तेव्हा कोणी वाकून सात बघितला नाही."

"फिंच बघेल."

"बघू दे. तू सांग त्याला, मीच मारला म्हणून."

"मी सांगितलं तर हसले सगळे."

"मग त्या दात उपटणाऱ्याला सांग की..." आणि पुढे तिने जे सांगितलं ते छापण्यासारखं नाही. घेवड्याच्या भांड्यात डाव आपटत ती म्हणाली, "म्हाताऱ्या, तुला त्या लोकांकडून काय पाहिजे आहे तरी काय?"

एल्डनला काय पाहिजे होतं ते साधं होतं. आपण एकदा, कुठेतरी, काहीतरी नीट केलं होतं असं कोणीतरी लिहून द्यावं. शाळेच्या झाडलोटीचा कागद कोणी देत नाही. गोदामाच्या पहाऱ्याचाही देत नाही. राहिली ती सेबर.

एप्रिलमध्ये, वॉनिटा बहिणीकडे गेली असताना, भर दुपारी त्याने गॅरेजचं दार उघडं ठेवून ते काम केलं. लपवण्यासारखं त्यात काही आहे असं त्याच्या डोक्यातच नव्हतं. इंजिन त्याचं, पंच कारखान्याचे, हात तोच. चूक झालेली वस्तू कामगार दुरुस्त करतो, तशी तो करत होता. कानस लावून त्याने आकड्यांची जागा सपाट केली. चार गेला, एक गेला, शेवटी तो सात गेला. मूळ यंत्राने त्या जागेवर केसासारख्या बारीक रेघा सोडलेल्या असतात, त्याही गेल्या. इंजिन शॉपमध्ये त्या रेघांना कोणी विचारत नसे. रंधा मारला की भुसा पडतो, तसल्या त्या. मग त्याने पंच पुसले, श्वास रोखला आणि चार ठोकला. एक ठोकला. सात ठोकला.

सरळ. शिपायासारखा सरळ. बाहत्तराव्या वर्षी हात जरासुद्धा हलला नाही. त्याने भिंगातून बघितलं आणि त्याच्या डोळ्यात पाणी आलं. आज ग्रेडी हवा होता, असं त्याला वाटलं. ग्रेडी जाऊन वीस वर्षं झाली होती.

वॉनिटा परत आल्यावर त्याने तिला बॉनेट उघडून दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "छान झालाय." मग थोड्या वेळाने म्हणाली, "मला तो जुनाच बरा वाटायचा." एल्डनला तिचा राग आला.

जूनमधला मेळावा जत्रेच्या मैदानावर भरायचा. 'मूळ' गाड्यांची आणि तपासणीला आलेल्यांची रांग झाडांच्या सावलीत, बाकीच्यांची हॉट डॉगच्या गाडीमागे उन्हात. एल्डनची सेबर त्या दिवशी पहिल्यांदा सावलीत उभी राहिली. दोन जागा सोडून व्हिटलॉकची. या वर्षी त्याने बॉनेट बंदच ठेवलं होतं. कोणी विचारलं तर म्हणायचा, "माझी तपासणी पुढच्या वर्षी. आज तिला झोपू दे."

लेलँड फिंच सकाळी दहाला आला. पूर्वीचा जमीन मोजणारा माणूस. सत्तरी गाठलेला, हडकुळा, कमी बोलणारा. त्याच्याकडे बॅटरी होती आणि काडीला लावलेला छोटा आरसा. त्याने गाडीच्या अंगावरचा नंबर बघितला, गिअरपेटी बघितली, रंगाचा थर बघितला, खाली झोपून आस बघितला. प्रत्येक वेळी मान हलवत होता. एल्डनच्या पाठीमागे वॉनिटा खुर्ची टाकून बसली होती आणि तिने हातातला सोडा अर्ध्या तासात एक घोटही प्यायला नव्हता. मग फिंच इंजिनावर वाकला. आरसा आत गेला. बॅटरी या बाजूने लागली, त्या बाजूने लागली. आरसा बाहेर आला, आणि फिंचने चष्मा काढून पुसला.

"प्रूइट," तो म्हणाला, "हा नंबर कोणी मारला?"

खोटं बोलायची ती वेळ होती. एक आकडा पुरला असता, सत्तर. पण एल्डनला कौतुकाची सवय नव्हती आणि त्याला वाटलं, हा कौतुकच करतोय.

"मीच," तो हसत म्हणाला. "एकदा सत्तर साली, आणि एकदा या एप्रिलात."

फिंचने चष्मा परत डोळ्यांवर चढवला. आजूबाजूला सातआठ जण जमले होते.

"का?"

"सात तिरका होता. दोनदा ठोकलेला. गचाळ दिसत होता."

फिंच बंपरवर बसला, जे तो कधीच करत नसे. "प्रूइट, तुमच्या त्या कारखान्याचे शंभरएक नंबर मी बघितलेत. निम्मे वाकडे असतात. लाईन पळत असते, माणूस दमलेला असतो, वाकडेच येणार. सरळ नंबर दिसला की मला आधी संशय येतो. आणि त्या रेघा... रेघा तुम्ही काढून टाकल्यात. मी दुसरं काही बघतच नाही हो, मी रेघा बघतो."

"पण इंजिन तेच आहे."

"असेल."

"असेल नाही. आहे. मी ठोकलाय."

"माझा विश्वास आहे तुमच्यावर," फिंच म्हणाला, आणि त्याचा खरोखरच होता, हेच सगळ्यात वाईट. "पण विश्वास वहीत लिहिता येत नाही. तो तिरका सात मला दिसला असता तर मी टोपी काढली असती. त्याचा फोटो आहे?"

फोटो नव्हता. आपल्या लाजेचा फोटो कोण काढून ठेवतो?

"मी बघितलाय तो," वॉनिटा खुर्चीतून उठून म्हणाली. "चव्वेचाळीस वर्षं बघितलाय."

"बाई, घरच्यांची साक्ष चालत नाही. बाहेरच्या कोणी बघितला असेल तर सांगा. एक जण पुरे. वहीतला कोणी असेल तर उत्तमच. तसं मी लिहीन आणि कागद देईन."

एल्डनने व्हिटलॉककडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. हसले सगळे होते, पण वाकून, बॅटरी लावून तो सात बघितला होता तो फक्त व्हिटलॉकने. त्याने खिशातून रुमाल काढला, मान पुसली, घडी घातली.

"आपण इतक्या गाड्या बघतो," तो म्हणाला. "नक्की असं काही आठवत नाही. उगाच अंदाजाने बोलणं बरं नव्हे."

"डॉक्टर," एल्डन म्हणाला, "जिन्यावरून घसरलेला माणूस."

"मी बऱ्याच गमती करतो, एल्डन."

बाकीचे आपापल्या पेल्यात बघत उभे राहिले. फिंचने जरा वाट पाहिली, बहुतेक नियमापेक्षा जास्तच पाहिली. मग वही उघडून लिहिलं: इंजिनाचा नंबर नंतर मारलेला.

"खोटा असं लिहीत नाही मी," तो हळू आवाजात म्हणाला.

"वाचणारे काय वाचतील?"

फिंचने वही मिटली. "खोटा असं वाचतील," तो म्हणाला. मग क्लबच्या दोघांनी येऊन अदबीने सांगितलं की गाडी पलीकडच्या रांगेत न्यावी लागेल. एल्डनने ती पलीकडे नेली नाही. वॉनिटाला बसवलं, टप उघडाच ठेवला आणि सरळ घरी आला. घरी पोचल्यावर वॉनिटा म्हणाली, "मला म्हातारपणी तुरुंगात जायचं नाही, नाहीतर त्या माणसाचे दात मी आजच पाडले असते." एल्डनला हसू आलं नाही.

उन्हाळाभर तो क्लबात गेला नाही. गावात मात्र गोष्ट गेलीच, आणि जाताना तिने कपडे बदलले. केशकर्तनालयात एकाने त्याला डोळा मारून विचारलं, "काय एल्डन, अजून किती इंजिनांची बारशी केलीत?" ज्या माणसाने जन्मात कधी दुसऱ्याचा खिळा उचलला नव्हता, तो गावात नंबर बनवणारा म्हणून ओळखला जाऊ लागला. पंच मात्र त्याने उचलले होते हे खरं, आणि आता त्याचीही त्याला लाज वाटू लागली. तो गॅरेजात जाईना. सेबरवर ताडपत्री पडली.

ऑक्टोबरमध्ये एका दुपारी व्हिटलॉकचा ट्रक दारात आला. एकटाच होता. मागे ताडपत्रीखाली काहीतरी जड होतं. एल्डन पानं गोळा करत होता, तो खराट्यावर हात ठेवून उभा राहिला.

"एल्डन, झालं गेलं विसरा," व्हिटलॉक म्हणाला. "जरा आत बोलू या?"

"इथेच बोला."

व्हिटलॉकने रस्त्याकडे बघून घेतलं. मग ताडपत्रीचं टोक उचललं. आत सेबरचा ब्लॉक होता, त्याच सालचा, नंबराची जागा कोरी. आणि मग त्या माणसाने सगळं सांगितलं, आपल्याच हुशारीवर चिडल्यासारखं. मागच्या शरद ऋतूत त्याने रेडिएटर धुतला आणि आत नुसतं पाणी भरून ठेवलं. मिशिगनच्या हिवाळ्यात! शाळेतल्या पोरालाही कळतं. जानेवारीत पाणी गोठलं आणि मूळ ब्लॉक वरपासून खालपर्यंत तडकला. हा दुसरा त्याने ओहायोतून आणला होता, गुपचूप.

"जूनमध्ये फिंच येईल," तो म्हणाला. "तुमच्याकडे पंच आहेत. खरे. आणि हात आहे. देशात दुसऱ्या कोणाकडे हे दोन्ही नसेल. रेघा मारणारा माणूस मी शोधलाय. फक्त आकडे हवेत."

एल्डनने ताडपत्रीखालच्या त्या कोऱ्या जागेकडे बघितलं.

"आणि सरळ नकोत," व्हिटलॉक घाईने म्हणाला. आता त्याचे डोळे चमकत होते, खऱ्या शौकिनासारखे. "तुमच्या त्या साताला कसा बाक होता! मागे कललेला, दोन ठोके, खालचं डावं टोक जरासं फाटलेलं. तसा एखादा. तसा मारलात तर फिंच बघताक्षणी टोपी काढेल."

"डावं टोक," एल्डन म्हणाला.

"डावंच ना?"

"डावंच. तुम्हाला चांगला आठवतो."

"असं काही माणूस विसरतो का?"

खराटा एल्डनने झाडाला टेकवून ठेवला. तो काही संत नव्हता, आणि त्या क्षणी त्याने जे ठरवलं त्याची त्याला पुढेही लाज वाटली नाही. "करतो," तो म्हणाला. "तुम्ही म्हणाल तो आकडा, म्हणाल तसा तिरका. मला पैसे नकोत. तुम्ही फक्त फिंचला एक फोन करा. आत्ता, माझ्यासमोर. सांगा, तो सात मी बघितला होता. बस. तेवढंच. खरं तेच सांगायचं आहे."

व्हिटलॉकने खरोखर विचार केला. खिशातला फोन त्याने हातातसुद्धा घेतला. मग त्याने मान हलवली, हळू, समजुतीने, रोग्याला दाढ काढावी लागेल असं सांगताना हलवतात तशी.

"एल्डन, मी सगळ्यांसमोर आठवत नाही म्हणालोय. आता उलट सांगितलं तर लोक मला खोटारडा म्हणतील." त्याने फोन परत खिशात ठेवला. "माझ्या शब्दाला या गावात काही किंमत आहे."

एल्डन त्याच्याकडे बघत राहिला. व्हिटलॉक थट्टा करत नव्हता. त्याच्या चेहऱ्यावर थट्टेचा मागमूसही नव्हता.

"ताडपत्री नीट बांधा," एल्डन शेवटी म्हणाला. "वाऱ्याने उडेल, आणि लोकांना दिसेल."

ट्रक गेल्यावर वॉनिटा दारात आली. "काय पाहिजे होतं त्याला?"

"काही नाही," एल्डन म्हणाला आणि खराटा उचलला. "माझ्या कामाचं कौतुक करायला आला होता."